कलम सतराचा कर्ता

हृतिक उतेकरला लहानपणापासून दोनच गोष्टी मनापासून आवडत आल्या: एक स्वतःचा आवाज आणि दुसरी म्हणजे नियम. आवाज त्याला आईकडून मिळाला. रखमाबाई वाडीच्या या टोकाला उभी राहून हाक मारते तेव्हा ओढ्यापलीकडच्या वाडीतली गुरंसुद्धा घरी वळतात. नियमांची आवड कुठून आली, हे मात्र घरात कोणालाच सांगता येत नव्हतं. बाप मुंबईला कुरिअरच्या गोदामात. तो वर्षातून दोनदा यायचा, गणपतीला आणि शिमग्याला, आणि दोन्ही वेळा मोडता येतील तेवढे नियम मोडून परत जायचा.

वाडी पोलादपूर तालुक्यात, आंबेनळीच्या रस्त्याला फुटणाऱ्या एका फाट्यावर. तिथून महाडच्या कॉलेजात यायचं म्हणजे सकाळची पहिली एसटी. कॉलेजच्या पहिल्याच महिन्यात हृतिकने त्या एसटीच्या मागच्या बाकांसाठी आचारसंहिता तयार केली. खिडकी कोणी किती उघडावी, पिशवी कुठपर्यंत पसरावी, उलटी होणाऱ्याला जागा कोणी द्यावी, सगळं क्रमवार. कंडक्टरने ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "उतेकर, तू निवडणुकीला उभा राहा. निदान गाडीतून तरी उतरशील."

निवडणुकीऐवजी त्याला वर्तमानपत्र मिळालं.

त्याचं असं झालं. कॉलेजचा एक अधिकृत वार्षिक अंक निघे. त्यात प्राचार्यांचा फोटो तीन ठिकाणी आणि विद्यार्थ्यांच्या कविता उरलेल्या ठिकाणी. याला पर्याय पाहिजे असं चौघांच्या मनात आलं: हृतिक, महाडची दीप्ती गायकवाड, बिरवाडीची सेजल आणि पोलादपूरचा मंगेश शेलार. चार पानांचं पाक्षिक काढायचं ठरलं. मजकूर विद्यार्थ्यांचा, छपाई झेरॉक्सवर, नाव 'टकमक'. गडावरच्या टोकावरून एकेकाळी गुन्हेगार खाली जात, आता बातम्या जातील, असा हृतिकचा खुलासा. पहिल्या अंकाच्या शेवटच्या पानावर तळाशी छापलं होतं: "संपादक: कोणी नाही."

संपादक नाही म्हटल्यावर नियम आलेच. दिवाळीच्या सुट्टीत हृतिकने एक्केचाळीस कलमं लिहून काढली. कुठल्या कुठल्या देशांतल्या सहकारी छापखान्यांबद्दल आपण मोबाइलवर वाचलंय आणि त्यातून हे सार काढलंय, असं तो सांगे. मंगेश त्याला 'घटनाकार' म्हणू लागला, तेव्हा दीप्तीने तिथल्या तिथे थांबवलं. "तो शब्द आमच्या घरी एकाच माणसासाठी राखून ठेवलाय. याला काही दुसरं म्हणा." मग 'कलमदादा' हे नाव पडलं आणि ते चिकटलं.

बैठक दर शुक्रवारी चार वाजता, एसटी स्टँडमागे सुहास सरांच्या टायपिंग क्लासात. भिंतीवर छातीच्या उंचीला पुराची रेघ, तिच्याखाली खुर्च्या गोल मांडलेल्या. गोलाला टोक नसतं, म्हणून कोणी टोकाला बसत नाही, हे कलम दोन. अंकात जाणारी प्रत्येक ओळ बैठकीत मोठ्याने वाचायची, मग "हरकत?" असं तीनदा विचारायचं. कोणीच काही बोललं नाही तर मजकूर मंजूर. एकानेही हरकत घेतली तर मजकूर बाजूला. मतदान नाही. "मतदान झालं की कोणीतरी हरतो," हृतिक सांगे, "आपल्याकडे कोणी हरणार नाही." आणि खरंच कोणी हरलं नाही. फक्त वाचनालयातल्या बंद पंख्यावरची एक कविता मंजूर व्हायला पाच शुक्रवार लागले, आणि तोवर पंखा दुरुस्त झाला.

चौघांना पुढे इतर वर्गांतली मुलंही येऊन मिळाली. त्यातले वरच्या वर्गातले शिकून मुंबईला नोकरीला लागले आणि त्यांनी आपला व्हॉट्सॲप ग्रुप काढला, 'टकमक मुंबई मंडळ'. हे नाव कोणी ठरवलं कोण जाणे, पण कोणालाच खटकलं नाही. इकडच्या प्रत्येक गावाचं मुंबईत एक मंडळ असतंच आणि त्या मंडळाला गावातल्या प्रत्येक गोष्टीवर मत असतंच. बैठकीत सुहास सरांच्या जेवणाच्या उपड्या डब्याला टेकून मोबाइल उभा करत आणि त्यातून अंकिता नावाची माजी सभासद लोअर परळहून मत देई. बैठक ते आदराने ऐके आणि आपल्याला हवं तेच करी.

आता कलम सतरा. त्याच्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकत नाही.

दुसऱ्या वर्षी मंगेशने एक आगळीक केली. गणपती विशेष अंक छापण्याआधीच त्याने तो वार्षिक अंकाच्या प्राध्यापकांना दाखवला. का, तर त्यांनी त्याला कँटीनमध्ये मिसळ दिली होती आणि मिसळ खाताना मंगेशला गुपित पाळता येत नाही. बैठकीत हृतिक त्याला सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलला. मंगेश रुसला आणि तीन शुक्रवार फिरकला नाही. चौथ्या शुक्रवारी हृतिकने कलम सतरा नव्याने लिहून वाचून दाखवलं: सलग तीन बैठकांना गैरहजर राहणारा सभासद आपोआप बाहेर. बाहेर गेलेल्याशी पत्राच्या कामाविषयी कोणीही बोलू नये. त्याला परत यायचं असेल तर बैठकीसमोर उभं राहून कारण सांगावं, सगळ्यांना चहा पाजावा आणि एकाचीही हरकत नसेल तर त्याला आत घ्यावं. परत आलेल्याने पहिल्या तीन बैठका फक्त ऐकावं.

हरकत तीनदा विचारली. कोणी बोललं नाही. दीप्ती काही बोलणार होती, पण बाकीच्यांच्या बसची वेळ झाली होती.

आता या चौघांच्या बोलण्यात पत्राशिवाय दुसरा विषयच नसायचा. त्यामुळे पत्राविषयी बोलणं बंद झालं म्हणजे मंगेशशी बोलणंच बंद झालं. तो कँटीनमध्ये येऊन बसला की हृतिक बाकावरून उठून जायचा. वर्षअखेरीला मंगेशने कॉलेज सोडलं आणि पोलादपूरला मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. 'टकमक' पाक्षिक चालू राहिलं, पानं चारच.

यंदा हृतिक शेवटच्या वर्षाला होता. 'टकमक'ला निरोप द्यायचा तर काहीतरी मोठं मागे ठेवून द्यावं, असं त्याच्या मनात होतं. विषय ठरला: वाळीत टाकणं. गावकीने एखाद्या घराशी बोलणं, उठबस, लग्न-मयताला जाणं बंद करायचं, ही चाल अजून कुठे कुठे जिवंत होती. त्यावर विशेष अंक, त्यात लांबलचक लेख, खाली ठळक अक्षरात 'हृतिक उतेकर'. एवढं एक छापून आलं की तीन वर्षं सार्थकी लागली, असं तो सेजलला म्हणाला होता. सेजल हजेरीची वही सांभाळायची आणि ऐकलेलं काहीही विसरायची नाही.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी शिमग्याची पालखी त्याच्या दारात होती, ती सोडून येणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या शुक्रवारी मामेबहिणीचं लग्न. तिसऱ्या शुक्रवारी तो डोंगराच्या वरच्या अंगाला लेखासाठी मुलाखती घेत फिरत होता. वाळीत टाकलेली तीन घरं त्याने शोधून काढली, त्यांच्या ओसरीवर बसला, डोळ्यांत पाणी आणून ऐकलं आणि नऊ पानं लिहिली.

चौथ्या शुक्रवारी नऊ पानं घेऊन तो टायपिंग क्लासाचा जिना चढला. दारात सेजल वही घेऊन उभी.

"सेजल, झाला बघ लेख! अर्धं पान तरी रडवेल सगळ्यांना."

"ऊन फार वाढलंय ना?" सेजल म्हणाली.

"अगं, लेख."

"आंब्याला मोहोर कमीच आहे म्हणतात यंदा."

हृतिकने तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. सगळे गोल बसले होते आणि सगळे खिडकीबाहेर बघत होते. खिडकीबाहेर एसटीच्या कार्यशाळेची भिंत होती, पण आज ती फारच बघण्यासारखी झाली असावी. शेवटी दीप्ती उठून दारात आली.

"कलम सतरा. वाचून दाखवू की पाठ आहे?"

"मी पत्राच्याच कामाला गेलो होतो, दीप्ती!"

"वीस मार्चला, सत्याग्रहाच्या दिवशी, आमच्या घरी बावीस पाहुणे होते. तळ्यावर माझी स्वयंसेवकाची ड्युटी होती. तरी बिल्ला लावून चार वाजता इथे हजर. तू कुठे होतास?"

"वाळीत टाकलेल्या माणसांच्या घरी."

"मग बरं झालं. आता अनुभवही मिळेल."

बाहेरच्या माणसाला मजकूर द्यायचा असेल तर दाराजवळच्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकावा, हे कलम नऊ. तेही त्यानेच लिहिलेलं. हृतिकने नऊ पानं डब्यात टाकली आणि जिना उतरला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटलं की आपण लिहिलेले नियम चांगलेच पक्के झालेत, आणि ते वाटून काही आनंद झाला नाही.

त्याने अंकिताला फोन लावला.

"आम्ही सगळे तुझ्या बाजूने आहोत रे," अंकिता लोअर परळहून म्हणाली. "पूरा सपोर्ट. पण आमचं कोण ऐकतंय? मी बोलायला लागले की आवाज नीट येतोय का एवढंच विचारतात."

दोन दिवसांनी सेजलने एक चिठ्ठी एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवली. पत्राविषयी बोलू नये असं कलमात होतं, लिहू नये असं नव्हतं. चिठ्ठीत तीन ओळी. "मजकूर वाचला. चांगला आहे. एक हरकत, दीप्ती गायकवाड: घरं चार हवीत, तीनच आहेत."

झालं. हृतिक चौथ्या घराच्या मागे लागला. आठवडाभर त्याने डोंगर पालथा घातला. वरंधच्या बाजूला एक घर आहे असं कोणी सांगितलं म्हणून तिकडेही गेला, तर त्या घराने उलट स्वतःच गावाशी बोलणं सोडलं होतं, जमिनीच्या बांधावरून, आणि गाव त्यावर खूश होतं. दुसरीकडे एका म्हाताऱ्याने विचारलं, "चौथं घर कशापायी? तीन पुरं नाय?" दीप्तीला विचारायची सोय नव्हती.

संध्याकाळी तो पाय ओढत घरी आला तेव्हा पडवीत चांगूआजा सुपारी कातरत बसला होता. चांगूआजा म्हणजे आजोबांचा धाकटा भाऊ, वाडीच्या गावकीत चाळीस वर्षं खांबाला टेकून बसणारा. लेखासाठी हृतिकने तीन वाड्या फिरून घेतल्या, पण या पडवीत विचारायचं काही त्याच्या मनात आलं नव्हतं. घरच्या माणसाची मुलाखत कोण घेतो?

"काय रे, त्वांड का उतारलाय?"

मग हृतिकने सगळं सांगितलं. गोल खुर्च्या, तीनदा हरकत, तीन गैरहजेऱ्या, बोलणं बंद, उभं राहून कारण, चहा. चांगूआजाचा अडकित्ता मध्येच थांबला.

"गोल बसता?"

"हो."

"मतदान नाय, एकमत?"

"हो."

"एक जन आडवा बसला की काम राह्यलं?"

"हो आजा."

"परत यायचं त नारळ ठेवायचा?"

"नारळ नाही. चहा."

चांगूआजा असा हसला की सुपारी घशात जाते की काय असं रखमाबाईला वाटलं. ती आतून पाणी घेऊनच आली.

"अगो रखमा, तुझा पोरगा गावकी काढून बसलाय महाडात! नि मला सांगतो, परदेशातनं आणलाय."

"तसं नाही आजा, ते सहकारी छापखान्यांचं..."

"परदेशातसुद्धा उतेकरच असतील मंग," रखमाबाई म्हणाली आणि पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली.

हृतिक रागाने लाल झाला, मग हळूहळू लाली उतरली. दर गणपतीत देवळाच्या मंडपात कोण कुठे बसतो, कोण उठून बोलतो, गप्प बसणं म्हणजे होकार कसा धरतात, हे सगळं तो चालायला लागल्यापासून बघत आला होता. मोबाइलवर वाचलेलं त्याला त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"मंग आता तू वाळीत," चांगूआजा समाधानाने म्हणाला. "नि त्या तुझ्या पत्रात वाळीतवाल्यांचीच कथा. तुमच्यात पयला कोनाला टाकलावता?"

"कोणाला नाही... म्हणजे मंगेशला."

"कोनी काढलान पयला शब्द?"

हृतिक गप्प. पडवीत गप्प बसणं म्हणजे काय, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"आमी वाडीतल्या सोमाला टाकलावता. दोन वर्सं. कशावरनं, त्ये आता मलापन आठवत नाय, येवढं मोठं कारन. पयला शब्द माझा. मंग त्येला घ्यायचा ठरला तवा गावकी बोलली, चांगू, तू आधी त्याच्या दारात जा नि पानी माग. मी गेलो. त्यानं तांब्या दिलान, पन आधी ओसरीत धा मिनटं बसवून ठेवलान. त्या धा मिनटांत मला सगळा घाम फुटला."

दुसऱ्या दिवशी हृतिक पोलादपूरला उतरला. मंगेशचं दुकान स्टँडसमोरच्या गाळ्यात. मंगेश भिंग डोळ्याला लावून कोणाच्या तरी फोनच्या पोटात शिरला होता. हृतिकला पाहून त्याने भिंग काढलं नाही.

"मंगेश, पाणी मिळेल का?"

मंगेशने भिंगातूनच त्याच्याकडे पाहिलं. एक डोळा माणसाचा, एक घुबडाचा.

"बाहेर रसवंती आहे."

"तुझ्याकडचं पाहिजे."

"का, तिकडे कोणी पाजत नाही वाटतं आजकाल?"

ही बातमी इथवर पोचली होती तर. पोचणारच. कंडक्टर तोच होता. मंगेशने फोनचे चार स्क्रू लावले, एक काढला, परत लावला. मग बाटली पुढे केली. हृतिक घटाघट प्यायला. मग खिशातून वही काढून म्हणाला, "लेखासाठी चौथी मुलाखत तुझी आहे."

"ओह. आता मी बातमी."

"सांग ना रे."

"काय सांगू? लिही. 'माझ्याशी वर्षभर कोणी बोललं नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी पेपरची वेळ बदलली, तीही मला कोणी सांगितली नाही, कारण वेळ कॉलेजची होती पण ग्रुप टकमकचा होता.' लिहिलंस? 'मी कँटीनमध्ये बसलो की हृतिक उतेकर उठून जायचा. मग मी मुद्दाम हृतिक उतेकर वडा खात असतानाच जाऊन बसायला लागलो.' नाव लिहितोयस ना? पूर्ण नाव लिही. 'हृतिक उतेकरने वडा अर्धा टाकून जायचं. एक महिन्यात हृतिक उतेकर बारीक झाला.'"

"मंग्या!"

"मुलाखत देणाऱ्याचा शब्द बदलायचा नाही. कलम बावीस." त्याने भिंग काढलं. आता दोन्ही डोळे माणसाचे होते, आणि हसत नव्हते. "मिसळ खाल्ली होती रे मी फक्त. एवढीच चूक. तू वरडलास तिथेच थांबला असतास तर मी परत आलो असतो. कलम कशाला लिहिलंस?"

वहीत हृतिकने तो प्रश्नही लिहिला, मंगेशच्याच शब्दांत.

पुढच्या शुक्रवारी बिस्किटांच्या डब्यातून चार घरांचा लेख बाहेर निघाला. दीप्तीने तो मोठ्याने वाचला. खाली रस्त्यावर, कलमाप्रमाणे बाहेर, हृतिक चहाच्या टपरीवर उभा राहून वरच्या खिडकीकडे बघत होता. मंगेशच्या मुलाखतीपर्यंत वर हशा ऐकू येत राहिला आणि मग एकदम शांतता. डब्याला टेकलेल्या मोबाइलमधून अंकिताने "आवाज येतोय का माझा?" असं दोनदा विचारलं, तेव्हा कुठे सेजलने "हरकत?" म्हटलं. तीनदा. कोणी बोललं नाही.

मग हृतिकला वर बोलावलं. तो सगळ्यांचा चहा घेऊन आला आणि भिंतीवरच्या रेघेजवळ उभा राहिला. कारण सांगा, असं सेजल म्हणाली. शिमगा, लग्न आणि मुलाखती, ही तीन कारणं त्याने पाठ करून आणली होती. तोंडातून भलतंच निघालं. "मला स्वतःचं कलम फार आवडलं होतं," तो म्हणाला. हरकत तीनदा विचारली गेली आणि तो आत आला, नवा सभासद म्हणून, पहिल्या तीन बैठका फक्त ऐकण्यासाठी.

विशेष अंक सोमवारी निघाला. लेखाखाली छापलं होतं: "बाहेरून आलेला मजकूर." मजकूर डब्यात पडला तेव्हा तो सभासद नव्हता, आणि बाहेरच्याचं नाव छापायचं नाही असं कलम नऊच्या शेवटच्या ओळीत होतं. पण 'हृतिक उतेकर' हे नाव अंकात एकूण अकरा वेळा आलं. मंगेशने ते स्वतः मोजलं आणि दुकानाच्या काचेवर तो अंक आतून चिकटवला. हृतिकने वाडीवर आणलेला अंक चांगूआजाने गावकीत वाचायला नेला. तिथे मंगेशचा वडा एवढा गाजला की वाळीत टाकण्याचा मूळ विषय पुढच्या बैठकीवर गेला.

अंक निघाल्यानंतरच्या शुक्रवारी बैठकीत दीप्तीने एकच ठराव मांडला: कलम सतरा रद्द करावं. हृतिक गोलात बसला होता, तोंड मिटून. तीन वर्षांत त्याने इतका वेळ तोंड मिटलेलं कोणी पाहिलं नव्हतं, म्हणून पहिल्या वर्षाची दोन मुलं त्याच्याकडेच बघत होती. सेजलने तीनदा विचारलं. कोणी बोललं नाही, पहिल्या वर्षाची मुलं नाहीत, मुंबई मंडळही नाही, कारण अंकिताचं नेटवर्क गेलं होतं. अर्ध्या मिनिटात कलम गेलं. सेजलने वहीत त्यावर आडवी रेघ मारली.

बैठक संपल्यावर जिन्यात दीप्तीने त्याला गाठलं. "आता बोल. कलमच गेलं, त्याच्यासोबत तुझी तीन बैठकांची शिक्षाही गेली. बोल काहीतरी."

हृतिकने दोन पायऱ्या उतरेपर्यंत विचार केला.

"चांगलं होतं गं ते कलम," तो म्हणाला. "भाषा तर फारच चांगली होती."

दीप्तीने हातातला अंक गुंडाळून त्याच्या डोक्यात हाणला आणि हृतिक साडेपाचची गाडी धरायला धावला.